घरातले ‘कुठंय?’ मोजा

गेल्या वर्षी जूनमध्ये, पाऊस नुकता सुरू झाला होता तेव्हा, आमच्या कोथरूडच्या घरात बायको बाथरूमच्या दारातल्या पायपुसण्यावरून घसरली. उजवा घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर. ते पायपुसणं जुन्या सतरंजीचं कापून केलेलं होतं, खालून अगदी गुळगुळीत. दोनदा ती ते टाकायला निघाली होती आणि दोन्ही वेळा मीच "अजून चांगलंय की" म्हणून ठेवून घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा लेख मी कोणत्या अधिकाराने लिहिलाय ते कळेल.

त्या सहा आठवड्यांत स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. चहाची गाळणी कुठंय? हिंग कुठंय? आईची बीपीची गोळी कुठंय? मोठी झारी कुठंय, आणि झारी म्हणजे नक्की कुठली? बायको पलंगावरून डोळेही न उघडता सांगायची, "मिक्सरच्या मागे, निळ्या झाकणाचा डबा. त्याच्यावर साबुदाणा लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस." चौथ्या दिवशी म्हणाली, "अरे, पायापेक्षा डोकं जास्त दुखतंय."

आमचं घर व्यवस्थित आहे, असं वीस वर्षं आम्ही समजत होतो. पाहुणेही म्हणायचे. पण त्या व्यवस्थेचा नकाशा एकट्या तिच्या डोक्यात होता, आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, मुलगा आणि आई, दिवसभर तो नकाशा तिला मोठ्याने वाचून दाखवायला लावत होतो. तेव्हापासून मी घर किती नीट आहे हे एकाच गोष्टीवरून ओळखतो: दिवसातून किती वेळा कुणीतरी कुणालातरी ‘कुठंय?’ विचारतं.

ताण येतो कुठून

लॉस एंजेलिसमध्ये दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा एक अभ्यास झाला होता. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. ६० नवरा-बायकोंना आपापलं घर फिरून दाखवायला आणि त्याबद्दल बोलायला सांगितलं, आणि तीन दिवस त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. हे ताणाशी संबंधित संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरायला हवं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलेली कामं असे शब्द जास्त आले, त्यांच्यात ते नीट उतरत नव्हतं. नवऱ्यांच्या बाबतीत हे चित्र तसं स्पष्ट दिसलं नाही. पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा, हे अशा अभ्यासातून ठरत नाही, हेही खरं. पण माझ्या घरात ‘नवऱ्यांमध्ये स्पष्ट दिसलं नाही’ या वाक्यावर बायको जी हसली, ते मी विसरणार नाही.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली मांडलं होतं की, अर्धं सोडलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. टेबलावर पडलेलं, न भरलेलं बिल, शिवायला टाकायचा परकर, परत करायचा शेजारच्यांचा डबा या वस्तू नुसत्या पडून नसतात, येता-जाता आपल्याला हाक मारत असतात. जागा ठरलेली नाही ती प्रत्येक वस्तू म्हणजे लांबणीवर टाकलेला एक निर्णय. घर आवरणं दमवतं ते याच कारणाने. हात थोडे दमतात, निर्णय घेऊन घेऊन डोकं जास्त शिणतं.

आजच्या आज: चालायची वाट

बाकी सगळं सावकाश झालं तरी चालेल, हे मात्र आज करा. रात्री दिवे बंद करून पलंगापासून बाथरूमपर्यंत चालत जा. पायाला काय काय लागतं बघा. मोबाइलच्या चार्जरची वायर, मुलाची सॅक, टीपॉयचा कोपरा, दुमडलेल्या चटईची कड. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्याने दगावतात, आणि त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त. घरात म्हातारं माणूस असेल तर पसारा हा शोभेचा प्रश्न राहत नाही.

पायपुसणी खालून रबर असलेलीच घ्या, आणि सुटी सतरंजी वाटेत नको. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवा. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही, त्यामुळे दांडा वेगळा आणि भिंतीत पक्का गेलेला हवा. पलंगाजवळ पायापाशी एक छोटा दिवा ठेवा. हे सगळं एका रविवारी होतं. आमच्याकडे ते वीस वर्षांत झालं नाही आणि प्लास्टर निघायच्या आत मात्र झालं.

एक आठवडा नुसती मोजणी

आवरायला बसायचं म्हटलं की लोक थेट कपाट रिकामं करून पलंगावर ढीग घालतात. दुपारचे तीन वाजतात, जेवण व्हायचं असतं, आणि मग सगळं होतं तसं परत आत कोंबलं जातं. पहिला आठवडा कशालाही हात लावू नका.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा आणि शेजारी दोरीने पेन बांधून ठेवा. पेन बांधलंच पाहिजे, नाहीतर पहिली नोंद ‘पेन कुठंय?’ हीच होईल. घरात कुणीही ‘कुठंय?’ विचारलं की विचारणाऱ्याने स्वतः जाऊन वस्तूचं नाव आणि ती शेवटी कुठे सापडली ते लिहायचं. उत्तर देणाऱ्याने लिहायचं नाही, त्याचं काम आधीच झालेलं आहे.

आमच्या कागदावर सात दिवसांत १४१ नोंदी झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त फक्त दहा-बारा वस्तूंच्या होत्या: गाडीची किल्ली, नेलकटर, कात्री, आईचा चष्मा, सेलोटेप, रिमोट, छत्री, नेहमीची गोळी, चार्जर, मुलाचं आयकार्ड. म्हणजे घरात हजारो वस्तू असल्या तरी छळणाऱ्या मूठभरच. तुमची यादी वेगळी असेल, पण ती लांबलचक नसणार याची मी खात्री देतो. काम या यादीपासूनच सुरू करा, सगळ्या घरापासून नको.

दारापाशी

पुण्याचं घर म्हणजे दुचाकीचं घर. आत आलं की माणशी एक किल्ली, एक हेल्मेट, एक सॅक, आणि पावसाळ्यात त्यावर निथळणारा रेनकोट. हे सगळं सोफ्यावर जातं, कारण दारानंतर हाताला पहिला सोफाच लागतो.

इथे बायकोचं एक सूत्र आहे आणि ते मी आता घरभर वापरतो. वस्तू आपोआप जिथे पडते, तिथेच तिची जागा करायची. मी वर्षानुवर्षं किल्ली टीव्हीच्या शेजारी टाकत होतो आणि किल्ल्यांचा सुबक लाकडी बोर्ड बेडरूमच्या दारामागे लावलेला होता. बोर्ड देखणा होता, पण किल्ली काही तिथवर चालत जात नव्हती. आता दारातून आत येताना उजवा हात सहज जातो त्या उंचीवर साधे चार हूक आहेत. रेनकोटसाठी दाराबाहेरच्या ग्रिलला आकडा, खाली पाणी ठिबकायला पसरट ट्रे. हेल्मेटं चपलांच्या मांडणीच्या वर. एकूण खर्च तीनशे रुपयांच्या आत, आणि ‘किल्ली कुठंय?’ त्या आठवड्यापासून जवळपास बंद.

हूक, फळ्या, डबे आणायला रविवार पेठेतली बोहरी आळी किंवा तुळशीबाग आहेच. पण तिकडे आधी जाऊ नका. आपल्याकडे आवराआवरीचा मुहूर्त म्हणजे डबे विकत आणणं अशी समजूत आहे. रिकामा डबा घरात आला की तो भरायला काहीतरी सापडतंच. आधी काय ठेवायचंय ते ठरवा, जागेचं माप घ्या आणि मग जा. मी माप न घेता एका रंगाचे सहा डबे आणले होते. ट्रॉलीपेक्षा बोटभर उंच निघाले.

स्वयंपाकघर

इथे जरा थांबू, कारण निम्मे ‘कुठंय?’ इथेच जन्माला येतात.

पहिली गोष्ट उंचीची. कमरेपासून खांद्यापर्यंत जो पट्टा येतो, ती स्वयंपाकघरातली सदाशिव पेठ. तिथे फक्त रोज लागणाऱ्या वस्तू: चहा-साखर, मिसळणाचा डबा, तेल, मीठ, कणीक, तांदूळ, डाळ, रोजच्या दोन कढया, कुकर. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या वस्तू खालच्या ट्रॉलीत. वर्षातून दोनदा लागणारा चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, अनारशाची मोठी कढई वर. आमच्याकडे नेमकं उलट होतं. हाताशी सहा काचेच्या बाऊलचा सेट, जो लग्नाच्या वाढदिवसाला आला होता आणि ‘फुटेल’ म्हणून कधीच वापरला नव्हता. आणि रोजचा कुकर ओट्याखाली अगदी आत, जो काढायला बायको दिवसातून दोनदा गुडघ्यावर बसत होती. कंबर दुखते म्हणून तिने वर्षभर तेल चोळलं. कुकर वर आल्यावर दुखणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, पण ‘आई गं’ म्हणत उठणं बंद झालं.

उंचीसोबत जड-हलक्याचाही विचार करा. जड वस्तू डोक्याच्या वर कधीच नको. दहा किलो तांदळाचा डबा स्टुलावर चढून काढणं म्हणजे आमच्या पायपुसण्याचीच दुसरी आवृत्ती.

मग नावं. आईचा याला कडाडून विरोध होता. "रवा डोळ्यांनी ओळखता येत नाही का तुम्हाला?" नाही येत. मी एका रात्री थालीपिठाच्या भाजणीचं पिठलं केलं आणि सगळ्यांनी ते मुकाट्याने खाल्लं. बेसन, भाजणी, मक्याचं पीठ, मैदा, तांदळाची पिठी: बंद डब्यात पिठं सगळी एकाच जातीची दिसतात. चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर मार्करने नाव आणि डबा भरल्याची तारीख, झाकणावर नाही तर डब्याच्या अंगावर, कारण झाकणं एकमेकांची बदलतात. साबुदाण्याच्या डब्यातला हिंग त्याच रीतीने तिथे पोचला होता.

डबा भरताना जुनं आधी बाहेर ओतायचं, नवं तळाशी घालायचं, जुनं वर. आपण आळसाने नवं वर ओततो आणि तळातल्या जुन्या धान्यात सोनकिडे पिढ्यान्पिढ्या सुखाने नांदतात. आईच्या माहेरी उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे, उन्हं दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून, मोठ्या कोठीत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो हिशेब बसत नाही. गल्लीत चार किराणा दुकानं आहेत आणि फोन केला की पोरगा सामान घेऊन येतो. दुकानदाराचं गोदाम आपल्या घरात कशाला? आम्ही आता एका महिन्याचं भरतो. कडधान्यं तेवढी जरा जास्त, कारण ती टिकतात.

फ्रिजचा नियम छोटा आहे. उरलेलं सगळं डोळ्यांच्या पातळीच्या कप्प्यात पुढे, पारदर्शक डब्यात. स्टीलच्या डब्यातली उसळ म्हणजे विस्मरणात गेलेली उसळ. शिजवलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, रात्रभर ओट्यावर नको.

आणि पिशव्यांची पिशवी. प्रत्येक मराठी घरात एक असते, आणि बहुतेक घरांत तिच्यासारखीच दुसरीही असते. दहा ठेवा, बाकीच्या सुक्या कचऱ्यात. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांबद्दल मी काही बोलत नाही. त्यावर आमच्या घरात तह झालाय, आठ डब्यांचा.

औषधं आणि कागद

या दोन गोष्टींचा ‘कुठंय?’ रात्री दोन वाजता येतो, म्हणून त्यांना वेगळा दिवस द्या.

घरातली सगळी औषधं एका चादरीवर ओता. पर्स, देव्हाऱ्याचा खण, फ्रिजचं दार, गाडीची डिकी, सगळीकडची. आमच्याकडे तापाच्या गोळीच्या अकरा पट्ट्या निघाल्या, चार मुदत संपलेल्या. डोळ्यांचे थेंब बाटली उघडल्यावर साधारण चार आठवड्यांनी टाकायचे असतात, बाटलीवर पुढची तारीख असली तरीही. उघडल्याचा दिवस बाटलीवर लिहून ठेवा. औषधांना ऊन, ओल आणि गॅसची धग तिन्ही सोसत नाहीत, त्यामुळे ओट्याच्या वरचं कपाट आणि बाथरूम दोन्ही चुकीच्या जागा. इन्शुलिन फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. रोजच्या गोळ्यांचा डबा वेगळा, अडीनडीच्या औषधांचा वेगळा. त्या दुसऱ्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय: कोणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी, आईच्या रोजच्या गोळ्या किती आणि कधी, डॉक्टरांचा नंबर, रुग्णवाहिकेचा १०८. अक्षर इतकं मोठं की आईला चष्म्याशिवाय वाचता येईल, कारण चष्मा यादीत तिसऱ्या क्रमांकावर होता. बाद झालेल्या गोळ्या संडासात टाकू नका. वेगळ्या बांधून, कचरा न्यायला येणाऱ्यांना सांगून द्या.

कागदांचं आईने शिकवलं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची. पाणी ओसरल्यावर भांडी चिखलातून धुऊन परत मिळाली, पण ट्रंकेतले तिच्या वडिलांचे नोकरीचे कागद गेले ते गेले. तेव्हापासून तिचा नियम: भांडी खाली, कागद वर. तळमजल्यावर किंवा नदी-ओढ्याच्या काठी राहणाऱ्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. २०१९च्या सप्टेंबरात आंबील ओढ्याने आणि २०२४च्या जुलैत सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेल्या पाण्याने तोच धडा पुन्हा दिला.

आम्ही तीन फायली केल्या. एक घराची: इंडेक्स २ म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, नॉमिनेशनची पोच, मिळकत कराच्या पावत्या आणि स्वतः राहत असल्याच्या ४० टक्के सवलतीसाठी भरलेल्या पीटी-३ अर्जाची पोच. ती पोच ज्याला एकदा शोधावी लागली, त्याला वेगळं सांगायला नको. दुसरी पैशांची. तिसरी लाल रंगाची, हॉस्पिटलची. तिच्यात आईचे ताजे रिपोर्ट, आरोग्य विम्याचं कार्ड, आधारच्या प्रती आणि थोडी रोख. लाल फाइल दाराजवळच्या कपाटात असते. कुणालाही हाताला धरून निघायचं झालं तर एका हातात माणूस, दुसऱ्या हातात फाइल. बाकी तेरा वर्षांची विजेची बिलं मी रद्दीत घातली. हात थरथरला, पण घातली. मूळ कागद जपून ठेवायचेच, पण आधार, पॅन, वाहन परवाना डिजिलॉकरवर चढवून ठेवले की रोजची शोधाशोध वाचते.

तुंबलेली मोरी

वाड्यातल्या घरात वस्तूला पुढचा जन्म ठरलेला असायचा. साडी विरली की गोधडीत, गोधडी फाटली की पायपुसणं, पायपुसण्याचं फरशीचं फडकं, आणि फडक्याची चिंधी बंबात. जुनं पितळ मोडीत, वर्तमानपत्र वाण्याकडे पुड्यांना. आताच्या फ्लॅटमध्ये बंब नाही, गोधडी कुणी शिवत नाही, आणि पार्सलवाला मात्र रोज बेल वाजवतो. नळ धो धो सुरू आणि मोरी तुंबलेली. मग पाणी साचणारच. म्हणून आवरायला बसण्याआधी वस्तू बाहेर जाण्याचे रस्ते मोकळे करा. ‘देऊन टाकू’ म्हणून बाजूला काढलेली पिशवी सहा महिने सोफ्यामागे राहिली तर ती आवराआवर झालीच नाही.

कपडे: चांगले असतील तर घरकामाच्या मावशींना आधी विचारा, आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक ठेवून विचारा. फाटके कपडे दुसऱ्याच्या गळ्यात मारणं हे दान नव्हे. आमच्या भागात बोहारीण अजून येते. दोन पँटी आणि एका जरीच्या साडीवर ती एक पातेलं देते आणि आई तासभर घासाघीस करून जो आनंद मिळवते, तो पातेल्यापेक्षा मोठा असतो. पितळ-तांबं रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत वजनावर मोडीत घेतात. शाळा-कॉलेजची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. खिळे, नळ, बिघडलेला रेडिओ अशा गोष्टींचं गिऱ्हाईक मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी भेटतं. तुम्ही मात्र तिथे विकायलाच जा, रिकाम्या हाताने परत येणं अवघड असतं.

कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८पासून महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करते, आणि जुने कपडे, गाद्या, इलेक्ट्रॉनिक वस्तू घेण्यासाठी तिचे वेगळे संकलनाचे कार्यक्रमही होतात. आपल्या इमारतीत येणाऱ्या ताईंना विचारा, पुढची तारीख त्यांना माहीत असते. ओला-सुका वेगळा द्या आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करा. पलीकडे ते उघडणारे हात माणसाचे असतात.

माळा

माळ्यावर शेवटी जा. डोकं तोवर निर्णय घ्यायला सरावलेलं असतं.

आमच्या माळ्यावर तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, पाटा-वरवंटा, मुलाचा पाळणा सुटा करून बांधलेला, चाकं नसलेल्या दोन सुटकेसा, आणि २००६ साली घर बदलताना बांधलेलं एक खोकं, ज्यावर ‘महत्त्वाचं’ लिहिलेलं होतं आणि जे तेव्हापासून कुणी उघडलं नव्हतं. आत होतं एक बंद पडलेलं घड्याळ आणि भरपूर वायरी. आईचं म्हणणं, "यातलं निम्मं केळकर संग्रहालयात ठेवण्यासारखं आहे." असेलही. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, वाद्यं अशा वीस हजारांहून जास्त वस्तू जमवल्या. पण तिथे प्रत्येक वस्तूला चिठ्ठी आहे, काच आहे आणि बघायला माणसं येतात. आमच्या बंबाला वीस वर्षांत एकच पाहुणा आला, पाल.

इथे एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. मी आईला न विचारता तिचा एक गंजलेला बिस्किटांचा डबा टाकला. आत बटणं होती. वडिलांच्या शर्टांची, माझ्या शाळेच्या सदऱ्याची, कुणाकुणाच्या फ्रॉकची. ती दोन दिवस बोलली नाही. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याला विचारल्याशिवाय टाकायची नाही, ती कितीही फुटकळ दिसो. माझी बटणं मी टाकेन, तुझी तू. त्यातून एक उपाय निघाला: प्रत्येकाला आठवणींची एक पेटी, एकाच मापाची. पेटीत मावेल ते ठेवायचं आणि त्याचं कारण कुणाला द्यायचं नाही.

काही घरांत म्हातारं माणूस रिकाम्या बाटल्या, जुन्या पिशव्या, वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा सोडत नाही, इतकं की खोलीत वावरायला जागा उरत नाही, आणि काही उचललं की जीव कासावीस होतो. तो आळस नव्हे, हट्टही नव्हे. मानसोपचाराच्या क्षेत्रात २०१३पासून याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद आहे. त्यांच्या माघारी ट्रक बोलावून घर रिकामं करण्याने ते बरं होत नाही, उलट विश्वास जातो. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं.

पावसाळ्याआधी

मेच्या शेवटी दोन रविवार यासाठी राखून ठेवा. पुण्यात चार महिने कपाटं कुबट होतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा, मागे हवा खेळली की बुरशी कमी धरते. गच्च भरलेल्या कपाटात ओल जास्त राहते, त्यामुळे कपडे कमी केल्याचा फायदा तेव्हा कळतो. गाद्या, रजया गच्चीवर कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा. रेशमी साड्या धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि घडी बदला, नाहीतर जरीचे धागे घडीवरच तुटतात.

पाणी साचू देणारा पसारा मात्र दर आठवड्याला बघायचा. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, मनीप्लांटची बाटली, बाल्कनीत ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली रिकामी बादली. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्याचा वार पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे कडा घासायच्या. आमच्याकडे हे काम मुलाकडे आहे. त्याने मोबाइलवर रविवारचा गजर लावलाय आणि तो तितक्याच नियमितपणे बंद करतो. मग आई उठवते.

रात्रीची दहा मिनिटं

एवढं सगळं करून महिन्याभरात घर पुन्हा पहिल्यासारखं होतं, असा अनुभव सगळ्यांचा. कारण एकाने आवरलेलं असतं आणि चौघांनी वापरलेलं. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, टीव्ही बंद, घरातली सगळी माणसं. आईसुद्धा. ती बसल्या जागी कपड्यांच्या घड्या करते. ज्याने त्याने आपलीच वस्तू उचलायची, दुसऱ्याची नाही. दहा मिनिटं झाली की थांबायचं, अर्धं राहिलं तरी. तास-तास चालणारी शिस्त आठवडाभरही टिकत नाही.

आणखी एक, बायकोने घातलेली अट. ज्याची जागा ठरलेली आहे अशा वस्तूबद्दल तिला विचारलं तर ती उत्तर देत नाही. पहिले काही दिवस हे फार कडू वाटतं. मुलाने एकदा अर्धा तास कात्री शोधली आणि शेवटी कात्रीच्याच खणात ती सापडली. एक खण मात्र आम्ही मुद्दाम बिनकायद्याचा ठेवलाय: रबरबँड, सुट्या बॅटऱ्या, कशाची ते ठाऊक नसलेली किल्ली, अर्धी मेणबत्ती. घराला श्वास घ्यायला तेवढी फट लागते. तो खण बंद होईनासा झाला की उपसायचा, त्याआधी नाही.

मोजणीचा कागद आम्ही दर तीन महिन्यांनी आठवडाभर परत लावतो. मागच्या खेपेला १९ नोंदी झाल्या. त्यातल्या सात माझ्या, आणि त्या सातांपैकी चार चष्म्याच्या. आईच्या नाही, आता माझ्या. घंगाळ अजून माळ्यावरच आहे. आईने त्यात कमळं लावायची म्हणून ठरवलंय, आणि त्यात साचणाऱ्या पाण्याचं काय करायचं यावर बोलणी चालू आहेत.